काचेमागची भीती

रस्ता हा पुढे जाण्यासाठी असतो. याबद्दल कुठल्याही समंजस माणसाचं दुमत नसावं.

तर मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही गाडीत पुढच्या सीटवर बसला आहात. आत गार हवा आहे, मांडीवर दप्तर आहे, बाबा गाडी चालवताहेत. तुमच्यापुढे एक पांढरी गाडी उभी आहे आणि तिच्यापुढे रस्त्यावर काही माणसं बसली आहेत. ती का बसली आहेत ते तुम्हाला कळत नाही. (कळायचं तर काच खाली करावी लागते, आणि मग गार हवा बाहेर जाते.) तुम्हाला उशीर होतो आहे. हात लांब केला की हॉर्नला पोचतो. तुम्ही हॉर्न वाजवता. एकदाच, तोही थोडासा. पुढची गाडी हलते.

छान. हे चित्र आता बाजूला ठेवून द्या. आपण कामाचं बोलू.

ती माणसं शाळेसमोर बसली होती. मुलांना रस्ता ओलांडायला पांढरे पट्टे आणि एक सिग्नल हवा, एवढीच त्यांची मागणी होती. आधी त्यांनी रीतसर अर्ज केला होता. रस्ते खात्याने पाहणी करून उत्तर दिलं, की सदर ठिकाणी कोणीही रस्ता ओलांडताना आढळत नाही, सबब पट्ट्यांची आवश्यकता नाही. पाहणी अगदी बरोबर होती. तिथून रस्ता ओलांडणं शक्यच नव्हतं.

पहिल्या रांगेत चौथीतली एक मुलगी तिच्या आत्याला चिकटून बसली होती. आत्याचं फ्रेमचं दुकान. काच कापायची, चौकट ठोकायची, फोटो बसवायचा आणि खाली सुबक अक्षरात नाव लिहायचं. खाली नाव लिहिल्याशिवाय एकही तसबीर ती दुकानाबाहेर जाऊ देत नसे. "नाव नसलं की पाहुणे उगाच विचारत बसतात, हे कोण," असं तिचं म्हणणं.

पांढरी गाडी एका दंतवैद्याची होती. ती हलली आणि आत्याचा गुडघा बंपरखाली आला. मग लोकांनी बॉनेटवर हात आपटले, ओरडाआरडा केला, आणि दंतवैद्य घाबरले.

आता दंतवैद्यांच्या घाबरण्यावर शंका घेणं योग्य नाही. त्यांच्या खुर्चीत रोज माणसं घाबरतात; भीती म्हणजे काय हे त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.

तिथला कायदा अत्यंत दयाळू आहे. तो म्हणतो, की बंद काचेमागे भीती वाटलेल्या चालकाच्या हातून जी हालचाल होईल, तिला चालक जबाबदार नाही. हालचालीच्या आड आलेली व्यक्ती जबाबदार. आणि जो जबाबदार ठरेल, त्याची मागणी रद्द. म्हणजे आत्या दोषी ठरली की पट्टे गेले आणि सिग्नलही गेला. वर दंतवैद्यांची जाहीर माफी मागायची.

चौकशीसाठी एक समिती आली. समितीत एक अध्यक्ष होते आणि एक कारकून. (बाकीचे सदस्य रहदारीत अडकले होते.) प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून आत्या फुटपाथवर बसली. शेजारी भाची.

"ताई, लोकांनी बॉनेट आपटलं, म्हणून डॉक्टर घाबरले. बरोबर?" अध्यक्षांनी विचारलं.

"बॉनेट आपटलं ते माझा गुडघा गेल्यावर, साहेब."

"म्हणजे भीती नंतरची."

"हो."

अध्यक्षांनी बराच विचार केला. मग त्यांनी नोंद सांगितली, की जबाबदार नागरिकाला पुढे वाटणारी भीती आधीच वाटू शकते. कारकुनाने तिला 'आगाऊ भीती' असं नाव दिलं. अध्यक्षांना ते आवडलं.

"आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला होता," मुलगी म्हणाली.

"हॉर्न ही हालचाल नव्हे, बाळ. तो नुसता आवाज. आवाजाखाली कोणी येत नाही."

मग प्रात्यक्षिक ठरलं. अध्यक्ष स्वतः पांढऱ्या गाडीत बसले. काचा वर केल्या. कारकुनाला आत्याच्या जागी रस्त्यावर बसवलं आणि बॉनेट आपटायला सांगितलं. कारकून सरकारी नोकर असल्यामुळे त्याने ते अदबीने आपटलं.

"मनापासून आपटा हो," अध्यक्ष आतून म्हणाले.

त्याने मनापासून आपटलं. गाडी हलली.

"साहेब, माझा पाय."

"थांबा. मी घाबरतोय."

"पायावर चाक आहे, साहेब."

"दिसतंय मला. नीट घाबरू तरी द्याल की नाही?"

दंतवैद्यांनी बाहेरून त्यांना धीर दिला, दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. अध्यक्ष बऱ्याच वेळाने उतरले. चेहरा पांढराफटक, पण समाधानी. प्रात्यक्षिक यशस्वी झाल्याची नोंद कारकुनाने बसल्या जागीच केली (उठता येत नव्हतं), आणि अहवालात आणखी एक निष्कर्ष घातला: या रस्त्यावर गाडीखाली पाय येण्याचं प्रमाण अल्पावधीत दुप्पट झालं असून पायांना वेळीच समज देणं आवश्यक आहे.

मुलीने हात वर केला. शाळेत करतात तसा.

"आत्यापण घाबरली होती. मीपण. आमची भीती का नाही लिहिली?"

अध्यक्ष मनाने चांगले होते. ते तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुम्ही कुठे होता, बाळ?"

"रस्त्यावर."

"गाडीच्या आणि तुमच्या मध्ये, तुमच्या बाजूची काच होती?"

"नव्हती."

"मग ती भीती नव्हे. उघड्यावरच्या भीतीला जमाव म्हणतात."

"माझ्या डोळ्यांवर चष्मा होता की," आत्या म्हणाली. "दोन काचा."

अध्यक्षांनी हा मुद्दा हसण्यावारी नेला नाही. चष्मा मागवून घेतला, उजेडात धरला, आणि खेदाने परत केला. चष्म्याची काच दिसायला मदत करते. कायद्याला अपेक्षित असलेल्या काचेचं काम वेगळं असतं.

निकाल व्हायचा तोच झाला. आत्या जबाबदार. सोमवारी दवाखान्यात जाऊन माफी, आणि तोवर कोणी हरकत घेतली नाही तर मागणी रद्द.

संध्याकाळी आत्या दुकानात एका पायावर बसून चौकटी घासत होती. "माफीचं काय, मागेन," ती म्हणाली. "दात दाखवून हसेन, त्यांना बरं वाटेल. पण तुम्ही पोरं पलीकडे जाणार कशी?"

मुलगी भिंतीला टेकवलेल्या काचांकडे बघत होती.

"आत्या, किती मोठी काच लागेल?"

"कुणाची तसबीर आहे?"

"आपली."

आत्याने घासणं थांबवलं. तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "कडा गुळगुळीत कराव्या लागतील. हात कापायचे नाहीतर."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर पुन्हा तीच माणसं बसली. प्रत्येकाने आपल्यापुढे एक चौकट धरली होती, चौकटीत काच होती आणि काचेमागे तो स्वतः होता. आत्या स्टूल घेऊन मधोमध. वाहतूक हवालदार शिट्टी फुंकत आला आणि मग थबकला. त्याला कायदा पाठ होता.

"काचेमागे आहात का सगळे?"

"आहोत."

"घाबरलाय?"

"खूप," आत्या म्हणाली. "आगाऊसुद्धा."

हवालदाराने शिट्टी खिशात टाकली. पांढरी गाडी समोर येऊन थांबली. आत दंतवैद्य घाबरलेले, बाहेर आत्या घाबरलेली, आणि दोघांच्या मध्ये दोन काचा. काचेमागचा एक माणूस काचेमागच्या दुसऱ्या माणसावर गाडी घालेल, तेव्हा जबाबदार कोण, याविषयी कायद्यात एक अक्षरही नव्हतं. दंतवैद्यांनी बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवली. शेवटी त्यांनी इंजिन बंद केलं. त्या रस्त्यावर कोणी इंजिन बंद करून थांबण्याची ती पहिलीच खेप. पलीकडच्या फुटपाथवरून दोन लहान मुलं हात धरून इकडे आली.

आता ते बाजूला ठेवलेलं चित्र काढा. गार हवा, दप्तर, पुढे पांढरी गाडी. आजही तुम्ही तिच्याच मागे आहात आणि आजही उशीर होतो आहे. तुमचा हात हॉर्नवर गेला आहे.

मुलगी उठली. पांढऱ्या गाडीला वळसा घालून ती तुमच्या खिडकीशी आली. आपली चौकट तिने उचलून तुमच्या काचेला टेकवली. माप अगदी बरोबर बसलं: तुमचा चेहरा, खांदा आणि हॉर्नवरचा हात.

"आत्या," ती मागे वळून म्हणाली, "या तसबिरीखाली नाव काय लिहू?"

"मला काय माहीत? त्यांनाच विचार."

मग तिने आपल्या दप्तरातून पेन्सिल काढली आणि तुमच्या काचेवर टकटक केलं.