रांजणधरे कुळाची थुंकीपरीक्षा आणि मानाचे ओगराळे

श्री रांजणाई माउली साक्ष. तुझे पायी मस्तक ठेवून, ऐकिले तैसे, पदरचे थोडके मीठ घालून, ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मासी या गोष्टीस आरंभ जाहला. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु राज्यात क्रोध कोणास फारसा येत नसे, कारण सर्वांची पोटे थंड होती. ते राज्य कोणते आणि कोठे, हे पुसो नये. एक टेकडी, टेकडीवर देवीचे ठाणे, ठाण्यापुढे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला थोरला रांजण, आणि त्या रांजणाभोवती पिढ्यानपिढ्या नांदणारे रांजणधरे आडनावाचे समस्त कूळ, इतकाच राज्याचा विस्तार. चैत्री पौर्णिमेस घरोघरी नाचणीचे आंबील शिजावे, त्यात ताक पडावे, आणि घरोघरच्या तांब्यांनी ते त्या एका रांजणात ओतावे, मग कोणाचे आंबट, कोणाचे खारट, कोणाचे गुठळ्यांचे, ते सर्व एक होऊन जावे, आणि कुळाच्या मुख्याने लांब दांड्याचे पितळी ओगराळे घेऊन सर्वांस वाढावे, ऐसा त्या राज्याचा सोहळा होता. ओगराळे ज्याचे हाती तोच राजा. दुसरे छत्र नाही, चामर नाही.

तेव्हा राज्यावर राजश्री हैबतराव रांजणधरे होते. सर्व त्यांस आबासाहेब म्हणत. पुरुष मोठा दिलदार, मिशा भरघोस, परंतु एक व्यसन होते, ते कुळाभिमानाचे. दरबारी एक कविराज बाळगिला होता, तो आडनावाचा अर्थ दर वर्षी वाढवून सांगे. आरंभी सांगे की मूळपुरुषाने रणांगणी रांजण दोन्ही हातांनी धरून शत्रूचे बाण त्यावर झेलिले, म्हणून रांजणधरे. दोन्ही हात रांजणास गुंतले तर तलवार कशाने चालविली, हे कोणी पुसले नाही. पुढे सांगो लागला की कूळ सूर्यवंशी, आणि देवांनी अमृत काढिले तेव्हा ते ज्या रांजणात ओतिले तो धरणारा तोच मूळपुरुष. आबासाहेबांनी त्यास शालजोडी दिधली. आणि आबासाहेबांस पोटी संतान नव्हते. एके जत्रेत एक लहान पोर हरवले, ते कोणाचे हे समजले नाही, न्यावयास कोणी आले नाही, ते आबासाहेबांचे धोतर धरून घरी आले आणि राहिले. त्याचे नाव राणोजी ठेविले. आता राणोजी चांगला बापया जाहला होता, आणि येत्या चैत्री ओगराळे त्याचे हाती द्यावे, ऐसा आबासाहेबांचा मानस होता. आबासाहेबांचे खांदे दुखत, परंतु कारण तेवढेच नव्हते. पोराने ओगराळे धरलेले एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची मोठी हौस होती.

कुळात साबाजीराव म्हणून आबासाहेबांचे भावकीतले लांबचे पुतणे होते. शहरी राहून आलेले, बोलणे चुरचुरीत, मनात काळे नाही परंतु जीभ आवरत नाही. ते एके दिवशी भर सभेत उठून बोलिले, "आबा, आता कविराजाच्या भरवशावर किती दिवस काढायचे? परदेशी डीएनए टेस्ट निघालीया. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, की आपलं मूळ कुठलं, पणज्याचा पणजा कोण, समदं मोबाईलवर येतंय." हे ऐकताच आबासाहेबांचे मन हरखून गेले. सूर्यवंश सिद्ध होणार, शेजारच्या राज्याचे नाक खाली होणार, ऐसे स्वप्न डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि त्या भरात देवीचा भंडारा उचलून त्यांनी शपथ वाहिली, "मागवा नळ्या. रांजणाईची आण घेऊन सांगतो, ज्याच्या अंगात मूळपुरुषाचं रक्त निघंल, त्याच्याच हाती येत्या चैताला ओगराळं." सभेने टाळ्या वाजविल्या. मग आबासाहेबांची नजर कडेस बसलेल्या राणोजींकडे गेली, आणि राणोजी खाली मान घालून जमिनीवर काडीने रेघा ओढीत होते, आणि आबासाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. शपथ तर वाहून गेली होती, आणि भंडारा अजून बोटांस लागलेला होता.

घरी आल्यावर महाराणी सगुणाबाईंनी ताट वाढिले, त्यात भाकर होती, कालवण नव्हते. आबासाहेब बोलिले, "कोरडंच का?" बाईसाहेब बोलिल्या, "कालवण सूर्यवंशाकडनं येणार हाय म्हणं. तवर दम धरा." राणोजी मात्र जवळ येऊन बसले आणि बोलिले, "आबा, जीवाला लावून घेऊ नका. ओगराळं साबादादाला द्या. मी रांजण घाशीन, त्यालाबी कुणीतरी लागतंच की." आबासाहेब भाकर तशीच ठेवून उठले, आणि गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आपण आपल्या हातांनी लेकराचे पान उलटे घातले, हे त्यांस कळून चुकले होते.

मग नळ्या आल्या. थुंकीचा दिवस ठरला, आणि कुळातील समस्त पुरुष मुहूर्त पाहून, स्नाने करून, ठाण्यापुढे जमले. आता या राज्याची रीत ऐसी की देवीपुढे कोणतीही वस्तू वेगळी वेगळी ठेवू नये, जे असेल ते एकत्र ओतावे, मग वाटावे. ती रीत इतकी अंगवळणी पडली होती की कोणी हुकूम केला नाही आणि कोणी विचारही केला नाही. थुंकी देवीच्या रांजणात नको, एवढे भान राहिले, म्हणून एक तांब्याची घागर मांडिली, आणि वडीलधाऱ्यांपासून मानाप्रमाणे एकेकाने येऊन तीत थुंकावे, हात जोडावे आणि बाजूस व्हावे, ऐसे चालले, आणि अखेर घागर नीट हलवून, तीतून पळीपळीने सर्व नळ्या भरिल्या, वर एकेकाचे नाव चिकटविले, आणि गुलाल लावून हवाई जासूदाबरोबर रवाना केल्या. साबाजीराव शहर पाहून आलेले, परंतु तेही घागरीत थुंकून, हात जोडून, बाजूस जाहले. काही दिवसांनी परदेशी वैद्यांचे उत्तर आले की, आपण पाठविलेल्या सर्व नळ्या एकाच इसमाच्या आहेत, आणि त्या इसमास बाप पुष्कळ आहेत, सबब यंत्र बंद पडले असे, कृपा करून पुन्हा ऐसे करू नये. सभा बुचकळ्यात पडली. कविराज उठून बोलिले की ही देवीची लीला, समस्त कूळ एकदेह आहे. आबासाहेबांस घटकाभर वाटले की सुटलो. परंतु साबाजीरावांनी कपाळास हात मारून घेतला आणि बोलिले, "आपण काय आंबील पाठवलं व्हय? ज्यानं त्यानं आपापल्या नळीत थुंकायचं हुतं." आणि त्यांनी नळ्या पुन्हा मागविल्या.

दुसऱ्या खेपेस सर्वांनी वेगवेगळे थुंकिले. त्या राज्यात वेगवेगळे म्हणून केलेली ती पहिलीच गोष्ट, त्यामुळे कोणास जमेना. कोणी पाठ फिरवून थुंकू लागला, कोणी आपली नळी पदराखाली धरलेल्या दुधासारखी झाकून ठेवू लागला, सख्खे भाऊ एकमेकांच्या नळ्या वाकून पाहो लागले की याची जास्त भरली की माझी, आणि त्यावरून दोघांत अबोला जाहला. राणोजींनी मुकाट्याने थुंकून नळी दिली. आबासाहेबांच्या तोंडास मात्र कोरड पडली होती, त्यांस चिंच चोखावयास द्यावी लागली. पुढे थंडी सरली, होळी जाहली, पाडवा जाहला, घरोघरी नाचणी दळली गेली, आणि उत्तर येईना. आबासाहेब रोज देवीस जात आणि दर्शन घेऊन उठताना मनात म्हणत, आई, त्या परदेशी यंत्रास पुन्हा काहीतरी होऊ दे.

चैत्री पौर्णिमेचे दिवशी, रांजण काठोकाठ भरला असता, सर्व वाट्या घेऊन पंगतीस बसले असता, साबाजीरावांचा मोबाईल वाजला. उत्तर आले. साबाजीराव मोठ्याने वाचो लागले. सूर्यवंशाचा कोठे उल्लेख नव्हता. यंत्राचे म्हणणे ऐसे पडले की या कुळात काही अंश फार जुन्या डोंगरवासियांचा, काही उत्तरेकडून गुरे हाकीत आलेल्यांचा, काही किनाऱ्यावर होड्या लावून उतरलेल्यांचा, आणि ही मिसळ आसपासच्या कोणत्याही गावी मिळेल तैसीच आहे. कविराजांनी शालजोडी डोक्यावरून घेतली. पुढे नावे आली. साबाजीराव आणि त्यांचे भाऊबंद, बहुतेक सर्व, एका मूळपुरुषाचे निघाले, आणि जो तो छाती काढून बसला. राणोजींचे रक्त कोणाशीच जुळले नाही. ते ठाऊकच होते, तरी ऐकताना सर्वांनी माना खाली घातल्या. मग साबाजीरावांनी पुढची ओळ पाहिली आणि ते थांबले. पुन्हा पाहिली. मग मोबाईल खिशात घालून बोलिले, "आबा, नेट गेलं."

आबासाहेब बोलिले, "वाच." साबाजीराव बोलिले, "गेलं म्हणतो ना. रेंजच न्हाई. आंबील निवतंय, वाढायला घ्या." आबासाहेबांनी उठून, जवळ येऊन, हात पुढे केला आणि बोलिले, "साबा, तू लहानपणीबी खोटं बोलाय लागलास की कान लाल व्हायचे तुझे. वाच बाळा." मग साबाजीरावांनी अगदी हळू वाचिले की, हैबतराव रांजणधरे यांचे रक्त सदर कुळातील कोणाशीही जुळत नाही. म्हणजे त्यांचा आजा की पणजा, कोणी एक, कोठून तरी असाच येऊन या रांजणापाशी राहिलेला. आबासाहेब मटकन खाली बसले. ज्या कुळाचा डौल मिरविण्यात जन्म घातला, त्या कुळाचे आपण नव्हेच, हे ऐकून त्या पुरुषास क्षणभर आपले हातपाय परके वाटो लागले. मिशा खाली आल्या. मग त्यांनी मान वर केली, तो समोर राणोजी उभे, डोळ्यांत पाणी. आबासाहेब त्याकडे पाहत राहिले, आणि हळूहळू मिशीखाली हसू फुटले, आणि ते वाढता वाढता त्यांस ठसका लागला, आणि बोलिले, "राणू, आता शोभलास माझा लेक. तूबी बाहेरचा, मीबी बाहेरचा." तेव्हा सगुणाबाई बायकांच्या पंगतीतून उठून बोलिल्या, "आन् आम्ही काय इथं उगवलो व्हय? हितली एकूण एक बाई बाहेरनं आलीया. आमचं रक्त कुणी तपासलं न्हाई, आन् आंबील समदं आमच्याच हातचं." यावर बायकांत मोठी खसखस पिकली आणि पुरुषांस वाट्यांत पाहण्यावाचून काम उरले नाही.

परंतु शपथ ती शपथ. आबासाहेबांनी ओगराळे उचलिले, धोतराच्या सोग्याने पुसले, आणि साबाजीरावांपुढे धरिले. बोलिले, "घे. देवीपुढं बोललोय. मूळपुरुषाचं रक्त तुझं, मान तुझा." साबाजीरावांनी ते हाती घेतले. पितळ उन्हाने तापले होते. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप जाहला ती मुठीत आली, आणि त्यांस ती धरवेना. उभ्या पंगतीवर नजर फिरवून ते बोलिले, "आबा, मी तान्हा असताना पहिलं आंबील माझ्या तोंडात तुम्ही घातलं. तवापासनं दर साली तुमच्याच हातचं पितोय. आता यंत्र म्हणतंय म्हणून ते ओकून काढू का?" मग ओगराळे उंच धरून बोलिले, "आन् हे ओगराळं आता माझं झालं न्हवं? शपथ फिटली न्हवं? मग मी ते कुणालाबी दीन." ऐसे बोलून त्यांनी ओगराळे राणोजींच्या हाती ठेविले, आणि आपण पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसले, आणि वाटी पुढे केली. राणोजींनी ओगराळे इतके काठोकाठ भरिले की निम्मे आंबील वाटीत पडले आणि निम्मे साबाजीरावांच्या नव्या सदऱ्यावर. साबाजीराव बोलिले, "पडू दे रे, थंड हाय." मग राणोजी एकेकास वाढीत चालले, आणि आबासाहेब खांबास टेकून, वाटी हातात तशीच धरून, पाहत बसले. हौस पुरी जाहली.

एवंच, रांजणधरे कुळाच्या उत्पत्तीचा इत्यर्थ हा की, मूळपुरुष कोण होता ते यंत्रास ठाऊक, त्याने रणांगणी काय धरिले ते कविराजास ठाऊक, आणि जो येऊन आपला तांब्या रांजणात ओती तो रांजणधरे, इतके राज्यास ठाऊक. कविराज सांप्रत नवीन कवन रचीत आहेत, त्यात मूळपुरुष अनेक आहेत. आबासाहेबांनी त्या दिवशी शेवटची वाटी राणोजींच्या हातून घेतली, एक घोट प्याले, तोंड वाकडे केले, आणि भर पंगतीत बोलिले की मीठ कमी पडलेय आणि एवढा मोठा जाहलास तरी तुला ढवळून वाढायचे कळत नाही. राणोजींनी पुन्हा ढवळिले.