साळूबाईचं चिंचोक्याएवढं सोनं

मुलांनो, एक जंगल शहराला इतकं खेटून होतं, की शहराचं सगळं भंगार तिथंच येऊन पडायचं. मेलेले मोबाइल, फुटके कॉम्प्युटर, वायरींची भेंडोळी. माकडं तांब्यासाठी वायरी जाळायची. राख ओढ्यात जायची. पाणी कडू झालं होतं.

तिथं साळूबाई नावाची साळिंदरीण राहायची. ते पाणी पिऊन तिचं धाकटं पिल्लू आठ दिवस उलट्या करत होतं. ती भडकली. अंगावरचाच एक काटा उपसून तिनं एक मोबाइल उघडला. आतल्या हिरव्या पट्टीवर सोन्याचा बारीक वर्ख चमकत होता.

पण न जाळता धातू काढायचा तर यंत्र हवं. ती गजाभाऊ हत्ती आणि मयूरराव मोर या दोन बड्या भांडवलदारांकडे गेली.

"ढिगात सोनं आहे," ती म्हणाली.

"किती काढलंत?" गजाभाऊंनी विचारलं.

"अजून कणही नाही."

"म्हणजे सगळंच बाकी आहे!" मयूररावांनी पिसारा फुलवला. यंत्र आलं.

वर्षभरात यंत्र दोनदा बिघडलं. साळूबाई मान खाली घालून सांगायला गेली. दोघांनी तिला चहा पाजला आणि आणखी मोठं यंत्र दिलं.

तिसऱ्या वर्षी काम जमलं. ती बैठकीला आली, तेव्हा काटे झडून तिची पाठ बोडकी झाली होती. पंजावर चिंचोक्याएवढा सोन्याचा गोळा होता. ढीग निम्मा झाला होता. तिला वाटलं, आता टाळ्या पडणार.

मयूररावांनी पिसारा मिटला.

"एवढंच?" मयूरराव म्हणाले.

"खरं आहे पण."

"खऱ्याचं काय घेऊन बसलात? गेल्या वर्षी आमच्या डोळ्यांसमोर सोन्याचा डोंगर होता!"

गजाभाऊंनी सोंडेनं कपाळ पुसलं. "त्यात ढीगही घटतोय, साळूबाई. उद्या संपला, तर धंदा वाढायचा कसा?"

"वायरी जाळणं थांबलं, ओढ्याचं पाणी गोड झालंय. तुम्हीच सकाळी प्यायलात, गजाभाऊ."

"प्यायलो ना. झकास होतं. पण ते आराखड्यात नव्हतं."

ठरलं असं, की शहरातून आणखी शंभर गाड्या भंगार मागवायचं. साळूबाईनं साफ नकार दिला. मग यंत्र एका सरड्याला देण्यात आलं. तो ढगांच्या गडगडाटातून चांदी काढणार होता. आजवर त्यानं काहीच काढलं नव्हतं. दोघांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या.

साळूबाईनं पिल्लं घेतली आणि टेकडीपलीकडे बिऱ्हाड हलवलं. महिन्याभरानं गजाभाऊ धापा टाकत तिथं पोचले. तिथल्या झऱ्याचं पाणी सोंडभर प्यायले.

"जागा छान आहे हो," ते चहूकडे बघत म्हणाले. "एक ढीग सहज मावेल."

तात्पर्य, नीट ऐका: गृहपाठ कधीही पुरा करू नये. पुऱ्या झालेल्या गृहपाठात बाईंना चुका सापडतात. "चालू आहे" म्हणणाऱ्याला नवी वही मिळते.