घरात माणसं किती?

"गेल्या बारा महिन्यांत आपण किंवा घरातल्या कुणी गांजा, चरस किंवा गर्द घेतलं का?" असं ऐंशीच्या आजीला अदबीनं विचारणारा एकच माणूस मी पाहिला. आमचे केळसकर. आजी देवासाठी वाती वळत असली तरी त्यांना काही वाटत नसे.

नव्वदच्या दशकात आम्ही वसईत नशेची पाहणी करायचो. चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची, दर दोन वर्षांनी तेच प्रश्न विचारायचे आणि नशा वाढली की घटली ते बघायचं. केळसकर प्रमुख, मी नवखा. एकदा लाजून मी नुसतं "कुणी काही घेत नाही ना?" असं विचारलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला पुन्हा त्याच घरी धाडलं. "शब्द हलला की आकडा हलतो," हे त्यांचं पालुपद. प्रश्न संपेपर्यंत ते कुणाकडे चहा घेत नसत. संपल्यावर मात्र दोन कप घेत. ते दिवस फार छान होते.

दुसरा हट्ट माणसं मोजण्याचा. गेले सहा महिने जो घरात राहिला, तोच घरातला. नायगावच्या एका मावशींनी बोटीवर नोकरीला गेलेला मुलगा मोजला, तो केळसकरांनी लाल पेन्सिलीनं खोडला.

"पोऱ्या माजा बोटीवर हाय, म्हनून काय घरातला नाय?" म्हणत मावशींनी त्यांची खुर्चीच काढून घेतली. यांनी पुढचे प्रश्न उभ्यानं विचारले.

त्याच वर्षी चिठ्ठीत गोखिवऱ्यातलं केळसकरांचं स्वतःचं घर निघालं. आपला फॉर्म आपण भरायचा नाही, म्हणून मी गेलो. समोर ते आणि काकू. घरात माणसं किती, मी विचारलं.

"तीन."

त्यांचा मुलगा संदीप आठ महिन्यांपूर्वी घर सोडून गेला होता. कुठे आणि का, ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चाचरत सहा महिन्यांचा नियम काढला.

"नियम मीच शिकवलाय तुला. तीन लिही."

मी तीन लिहिलं. नशेचा प्रश्न आला तेव्हा मला पुढे वाचवेना. त्यांनी तो माझ्याकडून शब्दन् शब्द वाचून घेतला.

"हो. संदीप. गर्द," ते म्हणाले. काकूंनी त्यांचा हात धरला.

फॉर्म तपासायला त्यांच्याकडेच जायचा. त्यांनी तो तिथेच वाचला, लाल पेन्सिल खिशातच राहिली.

"उद्या नायगावला जाऊ," ते म्हणाले. "त्या मावशींना सांगायचंय, तुमचा मुलगा घरातलाच."