शिडी कपाटामागे आहे

तपासणीसबाई आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर वही उघडून बसल्या, तेव्हा ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या सरांनी हातातला खडू नाइलाजाने खाली ठेवला. एकोणतीस वर्षं त्यांनी खडू आणि गळा या दोनच साधनांवर काढली होती. पण मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, की आजचा धडा डिजिटल फळ्यावर झाला नाही, तर धर्मशिक्षणाचे दोन तास कमी होऊन ते संगणकाला जातील.

चित्रं सरांच्या मोबाइलमध्ये होती. लेकीने सकाळी तीनदा शिकवल्याप्रमाणे त्यांनी मोबाइल फळ्याला जोडला आणि काय आश्चर्य, पहिल्याच फटक्यात चित्र उमटलं. येशूने सांगितलेल्या गोष्टीतला, यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस. सरांना हुरूप आला. देवळाचा याजक त्याला पाहून वाट वाकडी करून गेला, देवळाचा सेवक लेवीही तसाच गेला, मदतीला धावला तो परका शोमरोनी, हे त्यांनी रंगवून सांगितलं. मग वर्गाला विचारलं, "तर मग, माझा शेजारी कोण?"

तेवढ्यात त्या जखमी माणसाच्या डोक्यावर हातभर मोठ्या अक्षरांत बायकोचा निरोप उमटला.

"शेजारचे भाऊजी घराबाहेर अडकलेत. चावी आत राहिली. खिडकीतून शिरायला शिडी मागताहेत. नेहमीसारखं मोडलीय म्हणून सांगू का?"

चाळीस मुलांनी तो मनातल्या मनात वाचला. पहिल्या बाकावरच्या चुणचुणीत मुलीने मोठ्याने वाचला.

सरांनी फोन बंद करायची खटपट केली, तर अक्षरं आणखी मोठी झाली. आता उत्तर देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साऱ्या वर्गादेखत त्यांनी एका बोटाने लिहिलं, "देऊन टाक."

लगेच उत्तर आलं, "कोण आहात तुम्ही? आमच्या ह्यांचा फोन तुमच्याकडे कसा?"

आणि पाठोपाठ फोनच वाजला. घाईत सरांचं बोट नको तिथे पडलं आणि बायकोचा करडा आवाज फळ्याच्या स्पीकरमधून वर्गभर घुमला. फोन मुकाट्याने शाळेत नेऊन द्या, नाहीतर पोलिसांत जाईन, असं ती सुनावत होती.

"अगं, मीच बोलतोय," सर काकुळतीला येऊन म्हणाले.

"मग शिडी कुठे आहे ते सांगा. ते फक्त ह्यांनाच ठाऊक आहे."

सरांनी वर्गाकडे पाहिलं, तपासणीसबाईंकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "कपाटामागे. चादरीत गुंडाळून ठेवलीय."

फोन बंद झाला. पहिल्या बाकावरून हात वर झाला. "सर, मग गोष्टीतले याजक तुम्हीच का?"

सरांना हसू आलं. "आत्तापर्यंत होतो, बाळ," ते म्हणाले. पुढची वीस मिनिटं मुलांनी आपापल्या शेजाऱ्यांशी केलेल्या लबाड्या अशा काही सांगितल्या, की घंटा झाली तरी कुणी उठेना. सरांनाही बऱ्याच दिवसांनी हलकं वाटत होतं.

जाताना तपासणीसबाईंनी त्यांना दारात गाठलं. दोन्ही तास कायम राहतील, असं सांगून त्या म्हणाल्या, "घरच्यांना सामील करून घ्यायची कल्पना उत्तम. आवाज तर अगदी खरा वाटला. किती तालमी घेतल्यात?"

"एकही नाही," सरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

बाईंनी मान डोलावली, वही पुन्हा उघडली आणि 'शिक्षक अत्यंत विनयशील' अशी आणखी एक ओळ लिहिली.