अंधारात बसवणारे शालिकभाऊ

शालिकभाऊंना फोटो काढायचा असला की ते आधी घरातले सगळे दिवे बंद करतात. भर दुपारी खिडक्यांवर गोधड्या टाकतात, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबतात आणि मग त्या काळोखात बसलेल्या माणसांना हुकूम सोडतात, "हालाचं नाही. लाल येऊ द्या."

लाल म्हणजे त्यांच्या जुन्या फ्लॅशच्या पाठीवरचा लाल ठिपका. फ्लॅश चांगला विटेएवढा. चार सेल खातो, बारीक शिटी मारत चार्ज होत राहतो आणि मर्जी झाली की तो ठिपका पेटतो. तोवर अख्खं खानदान श्वास रोखून बसलेलं. मग भाऊ म्हणतात, "उघडा मास्तर!" मास्तर म्हणजे मी. शाळेत शिकवतो आणि भाऊंच्या शेजारी राहतो, एवढ्या पुण्याईवर मला हे पद मिळालं आहे. मी स्टँडवरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबतो, कॅमेरा तीन-चार सेकंद डोळा उघडा ठेवतो आणि तेवढ्यात भाऊ हातातला फ्लॅश उडवतात. क्षणभर सगळं पांढरंशुभ्र. पुढची पाच मिनिटं लोक चपला चाचपडतात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर भाऊंनी पुतण्याचा कोराकरकरीत डिजिटल कॅमेरा एका झटक्यात मारला म्हणून. रिळाच्या काळातला फ्लॅश त्यांनी हौसेने त्याच्या डोक्यावर बसवला, बटण दाबलं आणि कॅमेऱ्याने मान टाकली. जुन्या फ्लॅशचा करंट उलटा कॅमेऱ्यात शिरतो, नव्या कॅमेऱ्यांना तो सोसत नाही, हे दुकानदाराने मागाहून सांगितलं. पुतण्या रडायच्या बेतात. भाऊ फ्लॅश पुसत म्हणाले, "फ्लॅशले काही नाही झालं. कॅमेराच कच्च्या दिलाचा निंगाला!"

पुढे भाऊंनी स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेतला, पण तेव्हापासून दोघांना एकमेकांना शिवू द्यायचं नाही. कॅमेरा स्टँडवर, फ्लॅश हातात. मी एकदा सुचवलं, नवा फ्लॅश घ्या. भाऊ केवढे भडकले! "बुढा झाला म्हनून बापाले बदलते का कोनी, मास्तर?"

भाऊ अमरावतीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. फोटो ही निव्वळ हौस. पण आमच्या कॉलनीत त्यांचा फोटो भिंतीवर नाही असं घर सापडायचं नाही. वानखडेंच्या आजोबांना डायबिटीस. त्यांनी अंधाराचा फायदा घेऊन बुंदीचा अख्खा लाडू तोंडात सारला. फोटोत सगळे हसतायत आणि आजोबांचा गाल टम्म फुगलेला. सुनेने तो फोटो मोठा करून बैठकीत लावला, पुरावा म्हणून.

एवढ्या सगळ्या फोटोंत शांताकाकूंचा मात्र एकही नाही. काकू म्हणजे भाऊंची बायको. कपाळापासून डाव्या गालापर्यंत त्यांना कोड आहे. एरवी बाई बोलकी, हसरी. पण कुठेही फोटोची तयारी सुरू झाली की यांना नेमकं स्वयंपाकघरात काम निघतं. भाऊही हाक मारत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ओट्यावर बसलो असताना मात्र ते आपणहून म्हणाले, "साऱ्या गावाचे फोटो काहाडले मास्तर, घरचाच राह्यला. तिले नोको वाटते, तं जबरदस्ती कशी करू? पन आता वय झालं न आमचं. एक पाहिजे होता, बाप्पा." हा माणूस काही मागतो आहे, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग अकोल्याला नातीचं, श्रुतीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा ठरला. हॉलमध्ये भाड्याचे फोटोवाले होते, मोठमोठे दिवे होते, आणि काकू सकाळपासून तिथल्या भटारखान्यात पुऱ्या मोजत होत्या. दुपारी पाहुणे पांगले, आम्ही श्रुतीच्या घरी आलो. खिडक्यांवर गोधड्या टाकून भाऊंनी फ्लॅश बाहेर काढला तशी श्रुती म्हणाली, "आजी नसन तं मी बसत नाही. मंग काहाडा कोनाचा काहाडाचा तं."

काकू दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. नातीकडे पाहिलं, गोधड्या टाकलेल्या खिडक्यांकडे पाहिलं.

"अंधारच राह्यते न?" त्या म्हणाल्या. "बसतो मंग."

मधल्या खुर्चीवर काकू, शेजारी श्रुती, मागे श्रुतीची आई, म्हणजे भाऊंची लेक मंदाताई. दिवे गेले. फ्लॅशची शिटी सुरू झाली. आता काकू उठून जातात की काय, या धास्तीने मी बटणावरचं बोटसुद्धा हलवत नव्हतो.

"आवो," अंधारातून काकूंचा आवाज आला. "मी जरा बाजूले सरकू का?"

"काहून?"

"मायावर उजेड उसळते न. तुमीच म्हटलं होतं, मंदाच्या बारशाले. मी पोरगी घेऊन बसली होती. तुमी म्हटलं, बाजूले हो, उजेड उसळते. तवाच तं निंगाले होते डाग."

लाल ठिपका पेटला. मला तो दिसत होता. भाऊ काही 'उघडा' म्हणेनात.

"अवं, तुया मांगं आरशाचं कपाट होतं," ते अखेर म्हणाले. "आरशावरून फ्लॅश उसळते. म्या त्या आरशाचं म्हटलं होतं, शांते."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"तू उठूनच गेली. पोरगी माया बहिनीजवळ देल्ली अन् गेली. मले वाटलं, तुलेच फोटो नोको."

"मले वाटलं, तुमाले नोको."

मंदाताई आता पन्नाशीला टेकल्या आहेत. त्यांच्या बारशापासून ही दोन माणसं एकाच घरात एकमेकांचं मन जपत बसली होती. मला त्या अंधारात दोघांचाही भयंकर राग आला.

"उघडा," भाऊ म्हणाले. मी बटण दाबलं, फ्लॅश उडाला.

दिवे लावल्यावर श्रुतीने कॅमेरा आजीच्या मांडीवर ठेवला. काकूंनी चष्मा लावला. फोटोत सगळं स्वच्छ आलं होतं, डागसुद्धा. काकू कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग स्क्रीनवरच्या त्या गालावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं.

"माय वं! मी तं मायी माय दिसाले लागली," त्या म्हणाल्या. "कोनी सांगितलं नाही मले."

भाऊ गोधडी काढायला म्हणून खिडकीशी गेले आणि तिकडेच तोंड करून उभे राहिले. गोधडी एका खिळ्यावर होती, नुसता हात लावला असता तरी निघाली असती. मंदाताई त्यांच्याकडे जायला निघाल्या, तर काकूंनी हातानेच लेकीला थांबवलं. चष्मा काढला, पदर सारखा केला आणि खुर्चीत सरळ बसल्या.

"राहू द्या ते गोधडी," त्या म्हणाल्या. "अजून एक काहाडा. आता माया एकटीचा."