शकुनच्या घरातली शिट्टी

"शकुन, तुया फ्रीज शिट्टी वाजवून राहिला," खुशालराव सोफ्यावर टेकले नाहीत तोच म्हणाले.

खुशालराव शकुनचे मोठे दीर. पातूरहून तिला न्यायला आले होते. त्यांचा धाकटा भाऊ गजेंद्र, विज्ञानाचा मास्तर, जाऊन तीन महिने झाले होते. अकोल्यात एकटी बाई किती दिवस राहणार, असं पातूरला सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. सामानात काय घ्यायचं तेही ठरलं होतं. माशाची काचपेटी त्यात नव्हती. "ते शेजाऱ्याले देऊन टाक," असं खुशालरावांनी फोनवरच सांगितलं होतं.

म्हणून शकुन फ्रीजकडे बघून नुसतीच "हं" म्हणाली.

शिट्टी बारीक होती, एकसुरी, न थांबणारी. खुशालरावांनी फ्रीज बंद केला. शिट्टी चालूच. "कूलर असन." कूलर बंद केला. मे महिना, दहा मिनिटांत त्यांचं बनियन ओलं झालं. शिट्टी चालूच. शेवटी कोपऱ्यावरच्या प्रीतम वायरमनला बोलावणं गेलं.

पिकल्या मिशांच्या प्रीतमने फ्रीज ओढून मागचं झाकण खोललं. "भाऊ, कॉम्प्रेसर गेला."

"अबे, बंद फ्रीजचा कॉम्प्रेसर वाजन कसा?"

"मंग ट्यूब असन."

ट्यूब उतरली. पंखा उतरला. तासाभरात घर भंगाराच्या दुकानासारखं दिसू लागलं. शकुनने दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा ठेवला.

"करंट कुठून तरी गळून राहिला," प्रीतम म्हणाला. "मेनच पाडतो."

मेन स्विच पडला आणि शिट्टी आधीपेक्षा स्वच्छ ऐकू आली.

प्रीतमने टेस्टर खिशात घातला. "भाऊ, मले दुसरं काम हाय."

"थांब बे! शकुन, हे काय व्हय?"

शकुन काचपेटीपाशी गेली. आतल्या नळीत सुरीच्या पात्यासारखा एक काळा मासा आडवा पडला होता. पोटाखालची झालर तेवढी हलत होती.

"हा व्हय. याच्या अंगातून बारीकसा करंट निघते. अंधाऱ्या पाण्यात कुठं काय हाय, ते याले त्याच्यावरून समजते. यांनी पाण्यात दोन तारा सोडल्या अन् हा स्पीकर लावला. सेलवर चालते. घरातली लाइन बंद झाली की आणखी साफ आयकू येते."

"आडवा काहून पडला? मेला का?"

"दिवसा असाच झोपते."

"झोपेतबी वाजते?"

"जिवंत हाय तोवर थांबत नाही."

"मंग अदुगर सांगतलं काहून नाही? अख्खं घर उसवलं आमी!"

"सांगतलं असतं, तर तुमी पहिले हेच बंद केलं असतं," शकुन म्हणाली. "यांच्या मागं घरात एवढाच आवाज हाय, भाऊजी."

खुशालराव काचपेटीपाशी वाकले. मासा शेपटीकडून, उलटा, नळीबाहेर सरकला आणि पुन्हा आत गेला.

"लावू का लाइन?" प्रीतमने विचारलं.

"राहू दे. बस जरा."

तिघे घामाने निथळत बसले. तेवढ्यात खुशालरावांचा फोन वाजला. पातूरहून त्यांची बायको मैनाबाई बोलत होती. "शकुनले घेऊन निघाले का?"

"नाही. तिच्या घरात लाइनीचं मोठं काम निघालं. ते सोडून तिले येता येत नाही."

"किती दिवस चालन?"

खुशालरावांनी पेटीकडे पाहिलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "सध्या चालू हाय."