मनिरामकाकांचे गेम

आमचे शेजारी मनिरामकाका कोणत्याही व्हिडिओ गेमची पारख त्यातल्या पाण्यावरून करतात. चित्रं, आवाज, गोष्ट हे सगळं नंतर. आधी पाणी वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे जातं की नाही, ते पाहतात.

"कंदीलवाली गोगलगाय आहे," एका गेमबद्दल ते सांगतात. "बिचारी चांगली आहे. पण तिच्या गावात एवढा पाऊस पडते आन् डबरं भरत नाही. कायले खेळावं?"

काका धानाचे शेतकरी. जमीन इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. त्यांच्या पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले, आणि हे ते गेमच्या गप्पांतही विसरू देत नाहीत. त्यांचा मुलगा रोशन नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा जुना कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला. काकूंनी त्यावर विणलेला रुमाल घातला. काकांनी तो काढला.

एकदा त्यांना किल्ला बांधायचा गेम मिळाला. काकांनी किल्ला बांधलाच नाही. किल्ल्याआधी तलाव पाहिजे म्हणून ते खोदत बसले. शत्रू आला तेव्हा ते तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, दगड लावत होते. राज्य गेलं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. "पण मास्तर, पाणी एक थेंब गळलं नाही," ते म्हणाले.

मी मास्तर आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्या पदवीचं एक चाक काकांच्या मोटरसायकलचं आहे. मी आणि रोशन गोंदियाला कॉलेजात जायचो, तेव्हा पहाटेची गाडी मिळावी म्हणून काका आम्हा दोघांना स्टेशनवर सोडायचे. धानाच्या रोवणीच्या दिवसांतही, पायाला चिखल असताना. त्यामुळे ते गेमबद्दल बोलायला लागले की मी खुर्ची ओढून ऐकतो. बाकी लोक पळतात.

कारण काका गेम सुचवताना जागा बघत नाहीत. धान विकायला रांगेत उभे असले की पुढच्याला सुचवतात. एका लग्नात नवरदेवाला आहेर देताना त्याच्या कानात म्हणाले, "बापू, सवड भेटली का गोगलगायीचा खेळजो." नवरदेव घाबरून नवरीकडे बघू लागला.

काकू म्हणतात, "धान कापाले आला, आन् हे गोगलगाय चारून राहिले."

त्यांची आणखी एक अट आहे. गेम कोणाला माहीत नसावा. गावातली पोरं पुलावर बसून मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळतात. त्यांनी एकदा आदराने बोलावलं, "या ना काका, चार जण लागतेत."

"हा सगळ्याइले माहीत आहे," काका म्हणाले. "त्याचं मंग सांगावं काय?"

मला हा हट्ट वाटायचा. माणसाला एखादा छंद जडला की थोडा गर्वही जडतो, असं मी मनात धरून चाललो होतो.

मग एका रविवारी काका दुपारी आमच्याकडे येऊन बसले. त्यांनी आठवडाभर पाणचक्कीचा एक गेम खेळला होता. पाणी उत्तम होतं. धानाच्या एका बांधीतून खालच्या बांधीत जसं उतरतं तसं उतरत होतं.

"वाया गेला," ते म्हणाले.

"काऊन? पाणी गळलं?"

"पाणी नाही गळलं. रोशन फोनवर म्हणते, बाबा, हा तं इकडं सगळेच खेळून राहिले." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "फोनच संपला मास्तर. जेवला का? जेवलो. पाऊस आहे का? आहे. आईची तब्येत? बरी. झालं. त्याच्या हापिसातलं मले समजत नाही, आन् माझ्या बांधीतलं त्याले आता काय सांगू? दोघंही चूप. पण गेम त्याले माहीत नसला ना, तं विचारते, कसा आहे बाबा? मंग बोलते. चांगला बोलते."

टोपी परत डोक्यावर ठेवून ते म्हणाले, "तू शिकलेला आहेस. कोणालेच माहीत नाही असा एक पाहून दे."

मी शोधला. दूरच्या कुठल्या देशातल्या एकट्या माणसाने बनवलेला गेम होता. एक तळं, त्याची पाळ, पाणी सोडायची दारं. आणि एक लंगडं बदक. पाण्याची पातळी अशी राखायची की बदक पलीकडच्या काठाला लागावं. काकांनी तो आठवडाभर खेळला. पाळ पाहून म्हणाले, "हा माणूस आमच्यातलाच असन." बदक मात्र रोज मधेच अडकायचं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. काकूंनी चहा ठेवला. फोन स्पीकरवर लावून काकांनी गेमचं नाव सांगितलं आणि श्वास रोखून बसले.

"नाही बाबा," रोशनचा आवाज आला. "हा नाही ऐकला. कसा आहे?"

काकांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं आणि सुरुवात केली. पाळीचा उतार कसा, माती कशी, सांडवा कुठे ठेवला आहे, पहिलं दार उघडलं तर दुसऱ्यावर किती जोर येतो. काकूही सुपातले तांदूळ निवडायचं थांबवून ऐकत होत्या. रोशन मधेमधे विचारत होता, "मग? मग काय केलं?"

काका तिसऱ्या दारापर्यंत आले, तेव्हा रोशन हसत म्हणाला, "आणि ते लंगडं बदक? पोचलं का तुमचं पलीकडं?"

काकांनी बदकाचं नावही काढलं नव्हतं.

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातल्या चहाकडे पाहिलं. फोनमध्ये रोशनचं हसणं एकदम थांबलं.

काकांनी फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावला.

"बदक मागून येते," ते म्हणाले. "तू पयले पाणी आयक."